आबांनी खिडकी लावली

मांजर मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी फार भूतदयावाली बाई आहे. मांजर दूध पितं, गादीवर केस टाकतं आणि वर आपल्याकडं असं बघतं की जणू घर त्याच्या नावावर आहे. आमच्या घरात मांजर आलं ते माझ्या मर्जीनं नाही, सासऱ्यांच्या मर्जीनं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची हयात गंगापूरकडच्या शेतात गेली. सासूबाई गेल्यावर नवऱ्यानं हट्टानं त्यांना शहरात आणलं आणि आमच्या रो-हाउसची खालची, मागच्या बोळाकडची खोली दिली. खोली चांगली हवेशीर होती, पण आबांना तिथं करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी उठून ते बोळात जाऊन नळाला पाणी आलंय का ते बघायचे. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं त्या कामातही खाडेच जास्त. नवरा वाळूजला कंपनीत, मी शहागंजातल्या बँकेच्या शाखेत, मुलगी शिकायला पुण्याला. दिवसभर घरात आबा एकटे. बोलणं कमी होत होत 'व्हय' आणि 'नाय' यांवर येऊन थांबलं होतं.

शेजारच्या काकूंच्या गच्चीवर एक बंद पडलेला कूलर होता, त्यात एका मांजरीनं पिल्लं घातली. त्यातली एक करडी पिल्ली कुंपणाच्या भिंतीवरून उतरली आणि आबांच्या खिडकीच्या गजांतून आत शिरली. मी झाडू घेऊन गेले तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं नव्हतं, म्हणून मी झाडू खाली ठेवला. त्यांनी तिला नाव काही ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला? दुसरी कोण हाये इथं, जिच्याशी घोळ व्हईल?"

आमचं खरं भांडण व्हायचं ते ताटावरून. आबा कधीही ताट रिकामं करत नाहीत. शेवटचा घास, बहुतेक दूध-भाकरीच्या काल्याचा, ताटाच्या कडेला तसाच राहू देतात. गावाकडं तो अंगणातल्या कुत्र्याचा असायचा. "मुक्या जिवाचा घास ताटात ऱ्हायला पाहिजे," एवढंच त्यावरचं त्यांचं म्हणणं. इथं अंगणही नव्हतं आणि कुत्रंही नव्हतं, तेव्हा तो घास मांजराचा झाला. मांजर माझ्या स्टीलच्या ताटात तोंड घालतं हे मला अजिबात खपत नव्हतं. मी वेगळी ताटली ठेवली. त्यांनी तिच्यात पाणी ठेवलं आणि घास ताटातच राहू दिला. म्हाताऱ्या माणसाला किती बोलायचं, म्हणून मी ते ताटच वेगळं केलं, वेगळ्या घासणीनं घासू लागले आणि विषय संपवला.

मग तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा आला. आधी नवऱ्याला झाला. कंपनीत पाळीवर एकाला झाला, मग दोघा-तिघांना, आणि एक दिवस हा घरी येऊन म्हणाला, फोडणीचा वास येत नाहीये. तो वरच्या खोलीत जाऊन बसला आणि आठवडाभरानं माणसात आला. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोवर आबांना ताप भरला.

डॉक्टरांनी फोनवर सगळं विचारून घेतलं. ऑक्सिजन बरा होता, तेव्हा घरीच ठेवा म्हणाले. दवाखान्यांत जागा मिळत नव्हती, त्यामुळं त्या सल्ल्यात नाइलाज किती आणि वैद्यकी किती हे आम्हीही विचारलं नाही. आबांची खोली बंद केली. दाराबाहेर एक स्टूल ठेवलं. मी ताट स्टुलावर ठेवायचं, बाजूला व्हायचं, आबांनी ते आत घ्यायचं, जेवण झालं की पुन्हा स्टुलावर ठेवायचं. मग मी हातमोजे घालून, मास्कवर मास्क चढवून ते उकळत्या पाण्यानं धुवायचं. टँकरचं पाणी जपून वापरावं लागे, तरी त्या ताटाला मी कधी पाणी कमी केलं नाही. बँकेत नोटा मोजून माझी शिस्त पक्की झालेली आहे, असं मला वाटत होतं.

आबा मात्र कशालाच बधत नव्हते. मास्क हनुवटीवर. मी स्वयंपाकघरात असले की हे दारात उभे, "च्या झाला का?" नळ बघायला बोळात जायचे ते घरातूनच चालत. मी रागवायचे, नवरा समजावायचा. "आबा, तुमचं वय झालंय. तुमी आराम केला पाहिजे. तुमच्या तब्येतीसाठीच सांगतोय." आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझ्या तब्येतीचं काय एवढं? पिकलं पान. मला कामून कोंडता?" आणि तासाभरानं पुन्हा दारात.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या घरात, आणि आमच्यासारख्या बऱ्याच घरांत, वडीलधाऱ्या माणसाला 'तुमच्यापासून आम्हाला धोका आहे' असं तोंडावर म्हणत नाहीत. ज्याच्या पाया पडायचं त्याला लांब राहा कसं म्हणणार? म्हणून आम्ही सगळी वाक्यं उलटी फिरवून बोलत होतो. बाहेर येऊ नका, तुम्हाला वारं लागेल. मास्क लावा, तुम्हाला खोकला येतोय. सगळी काळजी त्यांचीच. खरं तर निम्मी काळजी आमची होती, आणि तीही काही वाईट नव्हती, पण ती बोलायची सोय नव्हती.

त्या दिवसांत आबांची चव गेली होती आणि जेवण तुटलं होतं. ज्या माणसाला दोन भाकऱ्या लागायच्या तो चतकोरावर आला. जे काही पोटात जात होतं ते मांजरामुळं. दाराच्या फटीतून मी बघायचे. ते जेवायला बसले की ती खिडकीतून यायची आणि समोर बसून राहायची. मग आबा तिला म्हणायचे, "थांब, आधी मला संपवू दे, मग तुझा." तिला घास द्यायचा तर आधी आपलं जेवण व्हायला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्या नियमापायी ते चार घास गिळायचे. ते बघून मी मांजराला मनातल्या मनात बरंच काही माफ केलं.

पण मांजराची ही ये-जा शेजारच्या काकूंनी पाहिली. काकू वाईट नाहीत. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, आणि त्या दिवसांत त्यांच्या ओळखीची फार माणसं गेली होती. त्यांनी गच्चीवरूनच मला हाक मारली. "अगं, तुमचं ते मांजर आजोबांच्या खोलीतून निघतं आणि थेट माझ्या पाण्याच्या टाकीवर येऊन झोपतं. प्राण्यांनाही होतो म्हणे. माझं काय होईल?" मी म्हटलं, काकू, तसं काही नसतं. खरं म्हणजे तसं असतं की नसतं हे मला काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर मांजराचा फोटो आला. कुणी लिहिलं, तिला सॅनिटायझरनं पुसून घ्या. कुणी लिहिलं, पोत्यात घालून लांब सोडून या. दुसऱ्या सूचनेला बरेच अंगठे पडले.

नवऱ्यालाही ते पटलं. "मी वाळूजला नेऊन सोडतो," तो म्हणाला. "आमच्या कँटीनच्या मागं दोन-चार मांजरं आहेतच. खायला मिळेल तिला."

"आणि आबा काय खातील?"

"आबांना सांगू, गेली कुठंतरी."

घरात एक म्हातारा माणूस जगायला धडपडतोय की नाही, हेच मला कळत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी तो ताटावर बसत होता, ती पोत्यात घालून न्यायची होती. दुसऱ्या बाजूला, काकूंना काही झालं असतं तर? आणि ते मांजर खरंच खोलीतून रोग उचलून भिंतीभिंतीनं वाटत फिरत असलं तर? मी नवऱ्याला म्हटलं, परवापर्यंत थांब. का म्हटलं ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मांजर शिंकायला लागलं. आधी मला वाटलं फोडणीचा ठसका. मग बघते तर डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, आणि ती बोळातल्या पाण्याच्या ड्रमामागं अंग आक्रसून पडलेली. काकूंनी वरून पाहिलं आणि गच्चीचं दार लावून घेतलं.

आमच्या शाखेत एका जनावरांच्या डॉक्टरांचं खातं होतं. गंगापूर-वैजापूरकडं म्हशी बघायचे आणि शहरात आले की कुत्री-मांजरंही बघायचे. मी त्यांना फोन लावला. मला वाटलं होतं ते मांजराबद्दल विचारतील. त्यांनी आधी माणसांबद्दल विचारलं. घरात कुणाला झालाय का? मांजर त्यांच्या खोलीत जातं का? अंगावर झोपतं का? मी सगळ्याला हो म्हटलं.

"त्यांच्या ताटात खातं का?"

"छे," मी म्हटलं. "ताट मी स्वतः धुते. उकळत्या पाण्यानं. हातमोजे घालून."

बोलता बोलताच मी थांबले. ताट धुण्याआधी स्टुलावर असायचं. त्यात तो घास असायचा. मांजर ताटामागोमाग बाहेर येऊन, स्टुलावर चढून तो खायचं. आणि मी रोज, हातमोजे घालून, दोन मास्क लावून, तिचं खाऊन होईपर्यंत शेजारी उभी राहायचे. कितीतरी वेळा मी म्हटलंही होतं, "आटप बाई, मला ताट धुवायचंय." आम्ही दाराची कडी पुसत होतो, दुधाची पिशवी धूत होतो, वर्तमानपत्र उन्हात टाकत होतो. पण तो घास आम्हाला कुणालाच दिसला नाही. उष्टं माणसानं माणसाचं खाल्लं तर उष्टं. मुक्या जिवाला दिलेला घास म्हणजे धर्म. त्याला कोण सॅनिटायझर लावणार?

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही उलट्या बाजूनं घाबरताय. मांजराकडून माणसाला झाल्याचं फार क्वचित. माणसाकडून मांजराला होतो, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. जो आजारी आहे त्यानं जनावरापासून लांब राहायचं. आता हिला तोच आहे की साधी सर्दी, हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि सध्या माणसांच्याच तपासण्या होईनात. बहुतेक मांजरं बरी होतात. एका बाजूला ठेवा, कोमट पाण्यानं डोळे पुसा, खातेय का बघा. सॅनिटायझर बिलकूल नको. आणि माणसाची तापाची गोळी चुकूनसुद्धा देऊ नका, मांजराला ती विष आहे. सोडून येऊ नका. आजारी मांजर परक्या ठिकाणी वाचणार नाही."

नवऱ्यानं स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. पोत्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. काकूंना फोन करून त्यानंच समजावलं आणि बोळात एका खोक्यात जुनं धोतर अंथरून मांजराची सोय केली.

आबांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी दाराबाहेर उभी राहिले. बरीच वाक्यं मनात फिरवून पाहिली, पण या वेळी एकही उलटं फिरेना. मांजराला वारं लागेल म्हणून तुम्ही लांब राहा, असं कसं म्हणणार? शेवटी सरळ म्हटलं, "आबा, मांजर आजारी आहे. डॉक्टर म्हणतात, तुमच्याकडून झालं असेल. तुम्ही तिला जवळ घ्यायचं नाही. घास पण द्यायचा नाही."

आतून आबा म्हणाले, "माझ्यामुळं?"

"बहुतेक."

"मरंल का?"

"बहुतेक मांजरं बरी होतात म्हणाले. पण आपली गोळी द्यायची नाही. ती विष आहे तिला."

आत खुडबुड झाली. "अर्धी काढून ठिवली व्हती तिच्यासाठी," आबा म्हणाले. "सकाळपासून शिंकत व्हती." मग खाटेची करकर झाली, आणि खिडकीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. ते दार गंजलेलं होतं, आम्ही आल्यापासून कधी लागलंच नव्हतं. आबांनी जोर लावून ते लावलं आणि वरची कडी घातली. ऐन मे महिन्यात, कूलर नसलेल्या खोलीत.

त्या संध्याकाळी ताट बाहेर आलं ते लख्ख रिकामं. कडेचा घासही त्यांनी खाल्ला होता. मी ते ताट हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचं असं ताट पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मांजराचा हेवाही वाटला.

त्यानंतर आबा खोलीबाहेर पडले नाहीत. चहासाठी नाहीत आणि नळासाठीही नाहीत. मांजराला थोडं बरं वाटलं की ते खिडकीशी यायचं, नखांनी लाकूड ओरबाडायचं. आत आबा असायचे, पण हुं की चूं करायचे नाहीत. एकदा मी ताट ठेवायला गेले तर दाराआडून म्हणाले, "तिला सांग, आबा गावाला गेले." मी सांगितलं. मांजराशी मी स्वतःहून बोलले ते तेव्हा पहिल्यांदा.

आबा नीट जेवायला लागले. भूक नव्हती, पण लवकर बरं व्हायची घाई होती. रोज विचारायचे, आज शिंकली का, डोळे उघडले का, दूध घेतलं का. स्वतःचा ऑक्सिजन किती आहे ते मात्र मलाच विचारावं लागे. पुढं त्यांचा ताप गेला, खोकला गेला, डॉक्टरांनी बाहेर यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, "या डॉक्टरचं नको. जनावराच्या डॉक्टरला विचार. मी तिच्यासाठी बरा झालो का?" नवऱ्यानं तसा फोन केला. डॉक्टर म्हणाले, "म्हणावं, झाले. आणि एवढी काळजी मी म्हशीवाल्यांतसुद्धा पाहिली नाही."

हे सगळं आता गमतीनं सांगता येतं. पण त्याच सुमारास मलाही झाला होता. मांजर सावरत असताना माझं अंग दुखायला लागलं, मग घसा, मग ताप. मी गुपचूप वरच्या खोलीत गेले आणि नवरा स्वयंपाकघरात उभा राहिला. आबांना आम्ही त्यातलं काही सांगितलं नाही. "तिला बँकेचं काम लई हाये, वरच बसते," असं नवऱ्यानं त्यांना सांगितलं. मधे एक-दोन दिवस वाईट गेले. नवरा माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून आकड्याकडं बघत बसायचा आणि खाली जाऊन आबांना हसून ताट द्यायचा. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला, हे आम्हाला इतकं सहज सुचलं की त्यावर बोलावंसुद्धा लागलं नाही.

बरी होऊन मी खाली आले तेव्हा आबा मागच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले होते. तोंडावर मास्क. आमच्यासाठी जो हनुवटीवर होता तो मांजरासाठी नीट नाकावर चढला होता. मांजर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उन्हात अंग चाटत बसलं होतं. डॉक्टर झाले म्हणाले तरी आबांचा अजून विश्वास बसत नव्हता. ती जवळ आली की ते हात वर उचलून धरायचे.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"वर काय करत व्हतीस इतके दिवस?"

"बँकेचं काम, आबा."

"बँकेच्या कामानं आवाज बसत नाय."

त्यांनी विचारलं, "तुला बी झाला व्हता?"

"थोडासा."

"माझ्यामुळं?"

पुन्हा उलटं वाक्य तोंडात तयार होतं. बँकेतून झाला असेल, तिथं शेकडो माणसं येतात. तुमच्या मुलाकडून झाला असेल. यातलं काहीही खोटं ठरलं नसतं. कुणाकडून कुणाला गेला हे कोण सांगणार? पण ज्या माणसानं मे महिन्यात खिडकी लावून घेतली त्याला हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"असेल, आबा," मी म्हटलं. "नक्की नाही सांगता येत. पण असेल."

आबांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. मांजर उठून त्यांच्या पायाशी आलं, अंग घासायला लागलं, आणि या वेळी हात वर घ्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ते माझ्याकडंच बघत होते.

"मांजराचं तेवढं सांगितलंस," ते म्हणाले. "तुझं आधीच सांगितलं असतंस, तर मी दार नसतं का लावलं?"